खुशालरावांचा वाघ

नातू झाला आणि खुशालरावांची पंचाईत झाली.

तशी आनंदाचीच गोष्ट. रुख्मिणी एकुलती एक लेक. लग्नाला चार वर्षं झाल्यावर ती बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगा झाला. चांदूर रेल्वेपासून दोन कोसांवरच्या त्या गावात खुशालरावांनी घरोघर जाऊन पेढे वाटले. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांनाही वाटले. पण पाच महिन्यांनी जावई बायकोमुलाला न्यायला आला आणि निघताना पाया पडून म्हणाला, मामाजी, आता तरी सेमाडोहला या, आता तर काही अडचण राहिली नाही. तेव्हा खुशालराव पाहू म्हणाले आणि नातवाचं टोपडं नीट करत राहिले.

अडचण होती रिवाजाची. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्यातला नेम. एरवी खुशालराव नेमाधर्माच्या फार मागे लागणारे नव्हते. एकादशीच्या दिवशी चांदूरच्या बाजारात कांदाभजी खाताना ते दोनदा सापडले होते. पण हा एक नेम त्यांनी चार वर्षं इतका कडक पाळला, की त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, नवलच वाटायचं. जावई वामनराव जंगलखात्यात फॉरेस्टर. मेळघाटात सेमाडोहला त्याची नेमणूक. दर दिवाळीला त्याचं बोलावणं यायचं, आणि दर वेळी खुशालराव गळा भरून आल्यासारखं करून सांगायचे, की जिथे घोटभर पाणी घेता येत नाही तिथे बापानं कोणत्या तोंडानं जायचं.

खरी गोष्ट निराळी होती. खुशालरावांना सेमाडोहला जायचंच नव्हतं, कारण सेमाडोहला त्यांनी वाघ पाहिला होता.

म्हणजे, पाहिला नव्हता.

हा वाघ जरा नीट सांगायला हवा. सबंध पंचक्रोशीत तो प्रसिद्ध होता. लग्नाच्या मांडवात, कापसाच्या गाड्या जिनिंगबाहेर रांगेत उभ्या असताना, हुरड्याच्या शेकोटीभोवती, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, पाटील, वाघ होऊन जाऊ द्या. मग खुशालराव आधी नाही नाही म्हणायचे आणि मग सुरू करायचे. तेहतीस साली नवं घर बांधायला काढलं तेव्हा सागाच्या बल्ल्या आणायला ते गाडी जुंपून सेमाडोहला गेले. येताना सिपना नदीच्या काठी बैल एकाएकी बुजले. पाहतात तर समोर बाभळीखाली वाघ. ओल्या काळ्या मातीत त्याचे पंजे चार चार बोटं रुतलेले. खुशालराव गाडीवरून उतरले, बैलांच्या पुढे होऊन उभे राहिले, वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवला. पापणी हलू दिली नाही. मग दोन पावलं पुढे टाकली आणि म्हणाले, "बापा, तू तुह्या वाटेनं जाय, मी माह्या वाटेनं जातो." वाघानं मान फिरवली आणि मुकाट्यानं झाडीत निघून गेला.

सुरुवातीला हा वाघ सहा हात लांब होता. देश स्वतंत्र झाला तोवर तो नऊ हातांचा झाला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी मिशीत हसलाच तर खुशालराव म्हणायचे, "इचारा डोमाजीले. तो होता संग."

डोमाजी होता, हे अगदी खरं. फक्त खुशालराव नव्हते.

डोमाजी त्यांच्याच वयाचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, वर्षाच्या बोलीवरचा सालदार. सेमाडोहला निघाले दोघंही. पण परतवाड्याला पोचेपर्यंत खुशालरावांना हिवताप भरला, आणि एका लाकूडवाल्याच्या ओसरीवर गोधडी पांघरून ते दात वाजवत पडून राहिले. गाडी घेऊन पुढे गेला तो डोमाजी एकटा. तिसऱ्या दिवशी तो बल्ल्या लादून परत आला, बैल सोडले न सोडले तोच ओसरीवर येऊन उकिडवा बसला आणि त्यानं वाघाची हकीकत सांगितली. खुशालरावांनी ती तापात ऐकली.

गावी परतल्यावर वडिलांच्या बैठकीत चार मोठी माणसं बसली होती. त्यांनी विचारलं, काय, मेळघाट कसा वाटला? पंचवीस वर्षांच्या तरण्याबांड पोरानं तिथे काय सांगायचं, की मी परतवाड्याला गोधडीत पडलो होतो म्हणून? खुशालरावांच्या तोंडून वाघ निघून गेला. बाहेर डोमाजी बैलांचं जू उतरवत होता. त्यानं एकदा आत पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. पुढे खुशालराव "इचारा डोमाजीले" म्हणायला लागले आणि डोमाजी मान हलवायला लागला. सालदारानं दुसरं काय करायचं असतं?

मात्र छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्यानं सालदारी सोडली, खुशालरावांचीच चार एकरं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करायला घेतली, आणि मान हलवणंही सोडलं. "इचारा डोमाजीले" म्हटलं की तो तळहातावर तंबाखू मळत राहायचा. हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. ऐकणाऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. खुशालरावांच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं.

तर आता नातू झाला होता आणि रिवाजाचा आडोसा गेला होता. आजोळकडून पाळणा द्यायचा असतो. चांदूरच्या सुतारानं शिसवीचा पाळणा करून दिला आणि होळी झाल्यावर मनकर्णाबाई नवऱ्याच्या मागे लागल्या. खुशालरावांनी ऊन सांगितलं, गहू मळायचा राहिलाय म्हणाले, शेवटी एवढा मोठा पाळणा एस.टी.त चढवायचा कुणी असं विचारलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, त्यात काय, डोमाजीले न्या, त्याले तं वाट बी माहीत हाये.

डोमाजीला विचारायला खुशालराव स्वतः गेले. तो नाही म्हणेल अशी त्यांना मोठी आशा होती. डोमाजीनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, चाला, मले बी एकडाव पाहून याचंच होतं.

अमरावतीपर्यंतचा प्रवास दोघांनी फार न बोलता केला. परतवाड्याला गाडी बदलावी लागली. धारणीच्या गाडीला तास अवकाश होता. स्टँडबाहेर लाकडाच्या वखारी तशाच होत्या, सागाच्या भुशाचा वास तोच होता. खुशालराव चहा पिताना मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून बसले. डोमाजी मात्र पलीकडे बोट करून सहज म्हणाला, ती ओसरी पाडलेली दिसते. खुशालरावांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

मग घाट लागला आणि खुशालराव खिडकीला चिकटले. काळ्या सपाट जमिनीत जन्म गेलेला माणूस. त्यांच्याकडे नजर टाकली की ती पलीकडच्या गावाच्या पिंपळापर्यंत बिनअडथळ्याची जाते. इथे नजर टाकली की ती एखाद्या डोंगराला जाऊन धडकत होती आणि त्याच्या मागे आणखी डोंगर होते. सागाची पानं झडून गेलेली, खाली नुसता कुरकुरीत पाचोळा, आणि त्या करड्या रानात मधेच पळस पेटलेला. मोहाची फुलं पडायला लागली होती. कोरकू बाया टोपल्या घेऊन झाडाखाली बसून ती वेचत होत्या, आणि गाडीत बसल्या जागी त्या फुलांचा गोडूस वास येत होता. वळणावळणावर वानरांच्या टोळ्या बसलेल्या. गाडी आली तरी त्यांच्यातली म्हातारी तेवढी उठायची.

घटांगच्या पुढे ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. रस्त्यावर रानगवे उभे होते. पाच होते, त्यांतला एक नर. खुशालरावांनी आयुष्यात बैल पुष्कळ पाहिले होते. शंकरपटाचे पाहिले होते, प्रदर्शनात बक्षीस मिळालेले पाहिले होते. पण हे जनावर पाहून त्यांच्या हातांनी समोरच्या सीटचा दांडा आपोआप घट्ट धरला. काळंभोर तुकतुकीत अंग, खांद्यावर डोंगरासारखा उंचवटा, आणि चारही पायांत पांढरे मोजे घातलेले. नरानं गाडीकडे सावकाश पाहिलं. त्याला घाई नव्हती. सगळी गेल्यावर तो शेवटी गेला, आणि एवढं धूड झाडीत शिरलं तरी पाचोळ्याचा आवाज झाला न झाला.

"तवा बी इथंच लागले होते," डोमाजी हळूच म्हणाला.

खुशालरावांनी मान डोलावली आणि लगेच लक्षात येऊन ती थांबवली. डोमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

सेमाडोहला वामनराव रस्त्यावरच उभा होता. तो अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेकाठच्या गल्लीत वाढलेला, शिकलेला, जपून बोलणारा मुलगा. पाळणा त्यानं स्वतः खांद्यावर घेतला. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, वर कौलं, पुढे पडवी, आणि उतारावरून खाली नदी. रुख्मिणी पडवीतच उभी होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, मग लोटाभांडं आणलं. खुशालरावांनी भांडं तोंडाला लावलं आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. चार वर्षं ज्या पाण्याचा त्यांनी बहाणा केला होता ते पाणी फार गार आणि गोड होतं. दुसरं भांडं तिनं डोमाजीला दिलं, तशाच हातानं. गावी डोमाजी ओंजळीनं प्यायचा. खुशालरावांनी ते पाहिलं आणि नातवाला मांडीवर घेतलं.

ऊन कलल्यावर सगळे नदीवर निघाले. हे होणार हे खुशालरावांना माहीत होतं. तिथे काय बोलायचं तेच ते बस घाटात असल्यापासून घोकत होते. वामनरावानं मुलाला खांद्यावर घेतलं होतं. चालता चालता तो दाखवत होता, हे अस्वलानं ओरबाडलेलं झाड, हे शेकरूचं घरटं, ही सांबराची वाट. एका रानकोंबड्यानं एकदम आरोळी दिली आणि खुशालराव दचकले. रुख्मिणी हसली. तिला वाटलं बाबा मजा करतात.

सिपनेचं पात्र आलं आणि खुशालराव थबकले. त्यांच्या गोष्टीतली नदी ही नव्हतीच. त्यांची नदी त्यांच्या गावच्या नाल्यासारखी होती, काळ्या मऊ काठांची. इथे नुसते खडक, गोल धोंडे आणि पिवळी वाळू. मधे डोहात हिरवं पाणी थांबलेलं, त्यात पलीकडच्या अर्जुनाच्या पांढऱ्या खोडांची सावली पडलेली.

"बाबा, आता दाखवा बरं कुठं होता तो," रुख्मिणी म्हणाली. तिचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरीचा झाला होता.

खुशालरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जरा सपाट दिसली त्या जागेकडे हात केला. इथंच, या इथं बाभळीखाली, असं म्हणाले. वामनराव जरा घुटमळला. मग अगदी अदबीनं त्यानं सांगितलं की या बाजूला त्याला अजून एकही बाभूळ दिसलेली नाही, ते आपलं खालच्या मुलखातलं झाड. रुख्मिणी लगेच म्हणाली, तीस वर्सं झाली, तोडली असन कोनी. वामनरावानं डोमाजीकडे पाहिलं, तुम्हाला आठवते का म्हणून. डोमाजी धोंड्यावर बसून पाण्याकडे पाहत होता.

"पाटलाले इचारा," तो म्हणाला.

तेवढ्यावर भागलं असतं. कपाळावरचा घाम पुसून खुशालराव परत फिरणारच होते. पण रुख्मिणीनं त्यांचा हात धरला. तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आईला सांगू नका, ती जीव टाकील, असं म्हणून ती सांगायला लागली. दोन वर्षांपूर्वी ती सकाळी इथेच पाण्याला आली होती. एकटी. घागर बुडवून मान वर केली तर पलीकडच्या खडकावर वाघीण. पंधरा हातांवर. तिच्या हातून घागर सुटली. पळावंसं वाटलं. आणि मग तिला बाबा आठवले. ती जागच्या जागी उभी राहिली, वाघिणीकडे पाहत राहिली, आणि मनातल्या मनात म्हणाली, बापा, तू तुह्या वाटेनं जाय. वाघीण उठली, आळस दिला आणि निघून गेली.

"तुमच्यानं वाचली मी," रुख्मिणी म्हणाली. "फक्त ते दोन पावलं पुढं टाकनं झालं नाही माह्याच्यानं. पाय उचललेच नाहीत. पन आता मन घट्ट केलं हाये. पुढच्या वेळी टाकीन."

खुशालरावांना समोरचा डोह हलल्यासारखा वाटला. ती दोन पावलं कुणीच टाकली नव्हती. तेहतीस साली नाही, नंतरही नाही. चौतीस साली वलगावच्या एका लग्नात मंडळी जांभया द्यायला लागली म्हणून त्यांनी ती गोष्टीत घातली होती.

वामनराव म्हणाला की मामाजी, आता तुम्हीच हिला सांगा. वाघ समोर आला तर पुढे जायचं नसतं, नजर न काढता हळूहळू मागे सरायचं असतं, खात्यात हेच शिकवतात. त्यानं शंभरदा सांगून झालं होतं. रुख्मिणीचं त्यावर एकच उत्तर होतं. तुम्ही ऐकलेलं सांगता, बाबांनी करून पाहिलं आहे.

पुढे जाऊ नको बाई, असं खुशालराव म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही गेले होते ना? ते म्हणाले, मी बाप्या माणूस. ती हसून म्हणाली, वाघाले का समजते, बाई हाये का बाप्या हाये! परतताना सबंध चढावर ते नातवाच्या टोपड्याकडे पाहत चालले, आणि आपण तीस वर्षं लोकांना हसवलं की काय केलं, हे त्यांना कळेनासं झालं.

दिवेलागणीला जेवणं झाली पडवीतच. रुख्मिणीनं बापाचं आणि डोमाजीचं ताट एका ओळीत मांडलं. भाकरी, वांग्याची भाजी आणि मोहाची फुलं घालून केलेली गोड खीर, खास बापासाठी. शेजारच्या क्वार्टरमधली केशरबाईही आली होती. नाकेदाराची, म्हणजे वामनरावाच्या हाताखालच्या जंगलशिपायाची बायको. पाहुण्यांना पाहायला म्हणून आलेली, पण खरं तिला वाघ ऐकायचा होता, खुद्द पाटलांच्या तोंडून. रुख्मिणीकडून तिनं तो इतक्यांदा ऐकला होता की पाठ झाला होता. आमी पोट्ट्यायले बी शिकवून ठेवलं, ती कौतुकानं म्हणाली, वाघ दिसला का पळाचं नाही, दोन पावलं पुढं टाकाचे. आणि वामनरावानं बोलता बोलता सांगितलं की उद्यापासून तो आठ दिवस फिरतीवर आहे. वणव्याचे दिवस, आग पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करून घ्यायच्या आहेत, नाकेदारही बरोबर येणार. विहीर आटली आहे, तेवढं नदीवर पाण्याला जाताना जपा, असं तो बायकोला म्हणाला.

केशरबाई पदर सावरून बसली होती. रुख्मिणी मुलाला थोपटत होती. पाटील, होऊन जाऊ द्या, असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं, पण सगळे त्याचीच वाट पाहत होते. गावात त्यांना पाटील म्हणायचे ते थोडं जमिनीमुळे आणि पुष्कळसं या वाघामुळे. तो सोडला तर आपल्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नाही, हे पंचावन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"रुख्मे, वाघ म्या नाही पाह्यला," ते म्हणाले. "डोमाजीनं पाह्यला. मी परतवाड्याले तापानं पडलो होतो. सेमाडोह मी आज पयल्यांदा पाहून राहिलो. आन ते दोन पावलं कोनीच टाकली नाहीत माय, ते म्या आपलं जोडलं. तू पुढं जाऊ नोको. जवाई सांगतेत तसं मांगं सर."

वामनरावानं मान खाली घातली, सासऱ्याकडे पाहणं बरं दिसणार नाही म्हणून. केशरबाईचा हात हनुवटीवर तसाच राहिला. रुख्मिणीनं बापाकडे बराच वेळ पाहिलं. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त काहीतरी हरवल्यासारखं झालं होतं, ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. खुशालरावांनी ते डोळे न वळवता पाहून घेतलं. मग ती डोमाजीकडे वळली.

"मंग डोमाकाका, तुमी सांगा."

डोमाजीनं खिरीची वाटी खाली ठेवली. तोंड पुसलं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या, आणि असं त्याच्या आयुष्यात फार वेळा झालं नसावं. त्यानं सुरुवात केली. तेहतीस साली आमी सागाच्या बल्ल्या आनाले निघालो, म्हणाला. येतानी नदीच्या काठी बैल एकाएकी बुजले. पाहतो तं समोर बाभळीखाली...

तो थांबला. पुन्हा सुरू केलं. बैल बुजले, म्हणाला, डोयाले डोया लावला, पापनी हालू देली नाही. आणि पुन्हा थांबला.

"नाही होत," तो म्हणाला. आवाज साधा होता, खुशालरावांना उद्देशून. "हे समदं तुमचं हाये पाटील. पयल्या वर्षी मले लय राग आला होता. दुसऱ्या बी वर्षी आला. पन तुमी असं सांगत होते, का राग ठेवून बी मी आयकाले येऊन बसत होतो. तीस वर्सं आयकलं. आता डोये मिटले तं मले माहा वाघ दिसतच नाही. तुमचाच दिसते. नागपुराहून आलो तवापासून आठवून राहिलो, नाही सापडत. म्हनून तं आलो तुमच्या संग."

खुशालरावांना वाटलं होतं की खरं बोललं की वाघ ज्याचा त्याला परत जाईल आणि आपण मोकळे होऊ. तेवढं सोपं नव्हतं. परत द्यायला आता तो त्यांच्याजवळही नव्हता, बाभळीखालचा एक नऊ हातांचा सोंगाड्या तेवढा होता. त्यांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही. रुख्मिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण थोड्या वेळानं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि खिरीची वाटी मागे ठेवून गेली.

सकाळी वामनराव फिरतीवर गेला. रुख्मिणी पाण्याला निघाली ती केशरबाईला बरोबर घेऊन, आणि जाताना बापाला म्हणाली, चाला, बसण्यापेक्षा एक घागर तुमी बी आना. एवढंच. पण ती बोलली. खुशालरावांनी मुकाट्यानं घागर उचलली. डोमाजी पुढे गेलेला होता.

तो नदीतून वरच्या अंगाला चालला होता, धोंड्यांवरून तोल सांभाळत. घागर बायांजवळ ठेवून खुशालराव त्याच्या मागे गेले. एका वळणावर जुनी गाडवाट पात्रात उतरल्याची खूण होती, दगडात चाकोऱ्या पडलेल्या. डोमाजी तिथे उभा राहिला, चार पावलं इकडे गेला, चार तिकडे. पलीकडे एक लांबट काळा खडक पाण्यात शिरला होता. ऊन नुकतं त्याच्यावर आलं होतं. रानात कुठेतरी मोर ओरडला आणि पुन्हा सगळं निवांत झालं.

डोमाजी त्या खडकाकडे पाहत उभा राहिला. खुशालरावांना खूप काही सुचत होतं. वाघ कुठून आला असेल, बैल कुठे उभे असतील, सगळं तयार जिभेवर होतं. त्यांनी दात दाबून धरले.

"पानी पेत होता," डोमाजी एकदम म्हणाला.

खुशालरावांनी श्वास रोखला.

"लप लप आवाज येऊन राहिला होता. घरच्या मांजरीवानी. मी म्हटलं, एवढं मोठं जनावर, आन आवाज पाहा कसा येते." त्याचे डोळे खडकावर खिळले होते. "हे नव्हतं पाटील, तुमच्या गोष्टीत."

"नाही," खुशालराव म्हणाले. ते हळूच वाळूत खाली बसले. "नव्हतं. मंग?"

डोमाजीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर आता हसू होतं आणि ते फारसं प्रेमळ नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला. "पन मधात बोलाचं नाही."

खुशालरावांनी मान हलवली.